फळ दिसेपर्यंतची वर्षे : संथ चाललेले काम आणि थांबलेले काम ओळखायचे कसे?

सायंवर्ग (धागाकर्ती)

ज्या कामाचे फळ उशिरा येते तिथे धीर धरावा, हा सल्ला जुना आहे आणि तो खोटाही नाही. माझा प्रश्न त्या सल्ल्याच्या पुढचा आहे. फळ दिसत नाही अशा काळात आपले काम केवळ संथ चालले आहे की त्याची दिशाच चुकली आहे, हे काम करणाऱ्याला कशावरून कळावे? दोन्ही परिस्थितींत बाहेरून दिसणारे चित्र एकच असते. रोज श्रम होतात, पैसा लागतो आणि दाखवण्याजोगे हाती काही नसते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. उत्तर नागपुरातील एका वस्तीत आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा वाचनवर्ग चालवतो. मुले तिसरी ते पाचवीची आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी छत्तीसगढी बोलतात, कोणाच्या घरी हिंदी, तर कोणाच्या घरी आपली वऱ्हाडी वळणाची मराठी. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांच्या हाती प्रमाण मराठीचे असते. बहुतेकांना अक्षरे ओळखता येतात, बाराखडी तालात म्हणता येते, पण अनोळखी परिच्छेद समोर ठेवला की जोडाक्षरापाशी आवाज अडतो आणि पुढचे सगळे अंदाजाने म्हटले जाते. वर्ग सुरू होऊन आता बरीच वर्षे झाली आहेत. काही मुले वाचू लागली, काही मध्येच कामाच्या शोधात निघालेल्या आईवडिलांबरोबर वस्ती सोडून गेली, आणि पुष्कळशी मुले अजून अधेमध्ये कुठेतरी आहेत.

ज्यांच्या देणगीवर पुस्तकांचा आणि जागेच्या भाड्याचा खर्च चालतो त्यांनी या वर्षी सरळ विचारले आहे की किती मुले वाचती झाली, तो आकडा द्या. हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही. मात्र सहकाऱ्यांपैकी काही जण दमले आहेत आणि इतक्या वर्षांत फरक दिसत नसेल तर आपण स्वतःची समजूतच घालत असू, असे त्यांना वाटू लागले आहे. मला दिलासा नको आहे. ज्यांनी उशिरा फळ देणारे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी मधल्या वर्षांत नेमके काय पाहिले, कशाच्या आधारावर टिकून राहिले आणि कशाच्या आधारावर काम सोडायचे ठरवले असते, हे जाणून घ्यायचे आहे.

संत्राबाग_काटोल

ताई, मी काटोल तालुक्यातील शेतकरी आहे. शिकवण्यातले मला काही कळत नाही, पण उशिरा येणारे फळ हा आमच्या घरचा व्यवसाय आहे, म्हणून जे माहीत आहे ते सविस्तर लिहितो.

संत्र्याचे झाड लावल्याबरोबर उत्पन्न देत नाही. आधी रोपवाटिकेत जंभेरी या रानवट लिंबाचे बी टाकून खुंट, म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग, तयार करावा लागतो, तो पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर चांगल्या मातृवृक्षाचा डोळा, म्हणजे फुटवा देणारी कळी, बांधायचा, आणि असे कलम शेतात लावण्याजोगे होईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज निघून जातात. पावसाळ्यात सहा बाय सहा मीटरवर लागवड केली की हेक्टरी २७७ झाडे बसतात. त्यानंतर बहार धरण्याजोगे झाड व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी चार-दोन फळे लागतातही, पण जाणता बागाईतदार ती ठेवत नाही, कारण त्या वयात झाडाची ताकद फांद्या आणि मुळे बांधण्यात खर्च व्हायला हवी. लहान झाडावर फळे पाहून पाहुणे खूश होतात आणि झाड मागे पडते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ही पाच-सहा वर्षे आम्ही वाट पाहत बसत नाही. प्रत्येक वर्षी काय पाहायचे ते ठरलेले असते. पहिल्या वर्षी कलमाच्या जोडाच्या खालून, म्हणजे खुंटावरून, फूट येते ती काढावी लागते, नाहीतर संत्र्याऐवजी जंभेरीच वाढत राहते. जोड मातीच्या वर राहिला आहे ना, हे दर पावसाळ्यानंतर तपासायचे, कारण तो मातीत गेला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागायला वेळ लागत नाही. म्हणून खोडाला पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायचे. सरळ वर धावणारे पाणसोट काढायचे, सल म्हणजे वाळलेल्या फांद्या काढायच्या, नवी पालवी केव्हा येते आणि तिचा रंग कसा आहे ते पाहायचे. यातले एकही फळ नाही. तरीही बाग फिरून आलेला माणूस चौथ्या वर्षी ही बाग चालेल की नाही ते सांगू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काही बागांना धीर धरून उपयोग नसतो. जमिनीच्या खालच्या थरात चुनखडी भरपूर असेल किंवा पाण्याचा निचराच होत नसेल, तर झाड सुरुवातीची दोन-तीन वर्षे छान दिसते, मुळे त्या थराला टेकली की पाने पिवळी पडू लागतात आणि मग कितीही खत घातले तरी ते सावरत नाही. म्हणून लागवडीपूर्वी मीटरभर खोल खड्डा खणून माती तपासून घ्या, असे कृषी खात्यातले आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले लोक सतत सांगत असतात. त्या खड्ड्यात जे दिसते त्यावरून थांबायचे की नाही ते ठरते. माझा तुम्हाला प्रश्न असा आहे की तुमच्या वर्गात खालचा थर कोणता, हे तुम्ही पाहिले आहे का?

नवी_उमेद_वर्धारोड

काका, एक विचारायचे आहे. त्या पाच-सहा वर्षांत घर कशावर चालते? धीर धरण्याबद्दल बोलताना हा भाग बहुतेक वेळा सुटतो. मी स्वतः एका छोट्या संस्थेत काम करते आणि काम सोडून गेलेल्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांची श्रद्धा संपली नव्हती, त्यांचे पैसे संपले होते.

संत्राबाग_काटोल

प्रश्न अगदी योग्य आहे. झाडांच्या ओळींमध्ये मोकळी जागा असते, तिथे सुरुवातीच्या वर्षांत आंतरपीक घेतात. सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा, कोणी भाजीपालाही घेतात. घरखर्च त्यावर निघतो. मात्र कोणतेही पीक चालत नाही. उंच वाढून झाडाचे ऊन अडवणारे किंवा झाडाला नको त्या वेळी पाणी मागणारे पीक घेतले, तर आंतरपिकाचा पैसा मिळतो आणि बाग जाते. ज्याच्याकडे आंतरपिकाची सोय नाही आणि दुसरे उत्पन्नही नाही त्याने एकदम सगळ्या शेतात संत्रा लावू नये, असे मी नव्या शेतकऱ्यांना सांगतो. ज्याच्या घरी या वर्षीच्या खर्चाची सोय नाही त्याला धीर धर म्हणणे निष्ठुरपणाचे आहे.

नोंदवही

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आकडेवारीचे काम केले आहे आणि आता निवृत्त होऊन नागपुरात राहतो. वरील प्रतिसादातील मीटरभर खोल खड्ड्याचा मुद्दा मला या धाग्याचा गाभा वाटतो, म्हणून आपल्याच विदर्भातील एक उदाहरण थोडे सविस्तर मांडतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. नवजात बालकांच्या मृत्यूवर त्यांनी केलेले काम आज सर्वांना माहीत आहे. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे, आणि त्यातून मृत्यू कमी करायचे, अशी ती पद्धत होती. प्रत्यक्ष काळजी आणि उपचाराचा टप्पा १९९५ मध्ये सुरू झाला, तर गावागावांतून माहिती गोळा करण्याचे काम १९९३ पासून चालू होते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. ३९ गावे कार्यक्षेत्र म्हणून आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. किती बाळे जन्मतात, त्यांपैकी किती जातात आणि कशाने जातात, याची नोंद आधी उभी राहिली. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या त्या काळात बाहेरच्या माणसाला दाखवण्याजोगा एकही वाचलेला जीव नव्हता, केवळ वह्या होत्या. पण त्या वह्या नसत्या, तर १९९८ पर्यंत कार्यक्षेत्रातील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला, हे कोणालाही म्हणता आले नसते. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यावी, हा कार्यक्रम देशपातळीवर यायला त्यानंतरही २०११ साल उजाडले.

या उदाहरणातून मी जे घेतो ते असे. मधल्या काळात टिकून राहायचे असेल तर आरंभीची स्थिती लिहिलेली असली पाहिजे आणि शक्य झाल्यास तुलनेला काहीतरी असले पाहिजे. आपल्याला फरक दिसत नाही याचे कारण पुष्कळदा असे असते की पहिल्या दिवशी मूल कुठे होते हे कोणीच टिपून ठेवलेले नसते. रोज पाहणाऱ्याला रोजची वाढ दिसत नाही, आणि वर्षाने आलेल्या पाहुण्याला मूळ स्थिती ठाऊक नसते. ताई, तुमच्या वर्गात मूल प्रथम आले तेव्हा ते काय वाचू शकत होते याची नोंद आहे का? असल्यास तुमच्या देणगीदाराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

वैनगंगाकाठ

वरचे सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. एक आक्षेप नोंदवतो, आणि तो मनापासून आहे.

आमच्या भागातल्या लोकांनी धीर धरा हे शब्द फार ऐकले आहेत. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ मध्ये बसली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचे उद्दिष्ट होते. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तीन दशके उलटून गेली तरी कालव्यांची आणि वितरिकांची कामे चालूच राहिली. कोनशिला बसली तेव्हा जो शेतकरी तिशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे, आणि त्याची शेती करण्याची वर्षे या वाट पाहण्यात निघून गेली. या काळातही श्रम होत होते, पैसा लागत होता, मोठे काम आहे म्हणून वेळ लागणारच असे सांगितले जात होते. धागाकर्तीने वर्णन केलेले बाहेरून दिसणारे चित्र हेच होते.

माझे म्हणणे असे की धीर कोणाचा आणि वेळ कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. काटोलच्या शेतकऱ्याने सहा वर्षे वाट पाहिली तर ती त्याची स्वतःची वर्षे आहेत, आणि तोटा झाला तर तो त्याचा आहे. पण जिथे एक जण काम करतो आणि दुसऱ्याचे आयुष्य वाट पाहण्यात खर्च होते, तिथे काम करणाऱ्याने स्वतःच्या धीराचे कौतुक करण्यापूर्वी फार जपून बोलले पाहिजे. चौथीतले मूल पुढच्या वर्षी चौथीत नसते. वाचता न येता ते सहावीत गेले, तर विज्ञान, इतिहास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणे हे सगळेच त्याच्यासाठी बंद होते. संत्र्याच्या झाडाला उशीर झाला तर बहार पुढच्या वर्षी येतो. इथे तसे नाही.

सायंवर्ग

वैनगंगाकाठ, तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मी प्रश्न विचारला त्यामागची खरी अस्वस्थता हीच होती. माझा धीर टिकेल की नाही याची मला तितकीशी काळजी नाही. मी धीर धरून बसले आणि त्यात एखाद्या मुलीची दोन वर्षे वाया गेली, तर तिला मी काय उत्तर देणार, याची काळजी आहे.

नोंदवही काका, प्रवेशाच्या वेळची नोंद आमच्याकडे आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत वापरतात त्याच पायऱ्या आम्ही घेतल्या होत्या. काहीच नाही, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. प्रत्येक मुलाच्या पानावर तारीख आणि पायरी लिहिलेली आहे. त्यानंतरच्या चाचण्या मात्र वर्षातून एकदाच घेतल्या जातात, आणि शब्दाच्या पायरीवरून परिच्छेदावर जाणारी मुले फार कमी दिसतात. निराशा आहे ती तिथे.

जिल्हा_परिषद_शिक्षिका

शब्द ते परिच्छेद हा टप्पा सर्वांत लांब असतो, ताई, आणि तो पायऱ्यांच्या मोजपट्टीत एकच पायरी म्हणून दिसतो. माझी सारी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांत गेली आहे, म्हणून या एका टप्प्याबद्दल जरा विस्ताराने लिहू द्या.

शब्द वाचणारे मूल सुरुवातीला प्रत्येक अक्षर वेगळे उच्चारते आणि मग जोडते. ‘पर्वत’ लिहिलेले असेल तर रफार कुठे म्हणायचा हे त्याला कळत नाही, कारण तो दिसतो ‘व’वर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर येतो. असे बारकावे हाताळण्यातच मुलाचे सगळे लक्ष खर्च होते, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीला काय होते ते विसरलेले असते. हळूहळू ठरावीक शब्द एका नजरेत ओळखू येऊ लागतात. त्यानंतर मूल वाक्यात योग्य जागी थांबू लागते. आणि मग एक दिवस ते चुकीचा शब्द वाचते, थांबते, मागे जाते आणि स्वतःच दुरुस्त करते.

ही स्वतःहून केलेली दुरुस्ती माझ्या मते या टप्प्यातली सर्वांत मोलाची खूण आहे. कोणी टोकले नसताना मूल मागे गेले, याचा अर्थ त्याला वाक्याचा अर्थ जुळत नाही हे कळले. म्हणजे ते आता आवाज काढत नसून वाचत आहे. या सुमारास त्याचा वेग कधीकधी कमीही झालेला दिसतो, आणि केवळ वेग मोजणारा माणूस मूल मागे पडले असे लिहून मोकळा होतो. मी पाहत आले आहे ती आणखी एक खूण म्हणजे मूल तेच पुस्तक पुन्हा मागते, किंवा घरी धाकट्या भावंडाला वाचून दाखवते. याला गुण देता येत नाहीत, पण पालकांना विचारून तारखेसह टिपता येते.

तुमच्या मुलांच्या घरी वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात, याचाही विचार करा. ज्या शब्दाचा अर्थ मुलाने कधी ऐकलेलाच नाही तो शब्द वाचून झाला तरी बरोबर वाचला की नाही हे त्याला कळणार कसे? स्वतःची चूक पकडायला भाषा कानावरून गेलेली असावी लागते. म्हणून वाचनाच्या आधी गोष्ट तोंडी सांगणे, तिच्यावर मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत बोलू देणे, आणि मग तीच गोष्ट वाचायला देणे, असा क्रम ठेवा. काटोलच्या काकांनी विचारलेला खालचा थर बहुधा इथे आहे. हा थर कच्चा राहिला असेल, तर आहे त्याच पद्धतीने आणखी वर्षे काढून उपयोग होणार नाही. पद्धतच बदलावी लागेल.

सायंवर्ग

हे वाचून फार मोलाचे काही हाती लागले. आमच्या वर्गात बसल्याबरोबर पुस्तक उघडले जाते; तोंडी गोष्टीला वेळ ठेवलेला नाही. घरी मराठी बोलणारी आणि न बोलणारी मुले नोंदवहीत वेगळी करून पाहते, मग इथे लिहिते.

जुना_इंदोरावासी

मी दीक्षाभूमीवर दर वर्षी जाणाऱ्या लाखोंपैकी एक आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या कामाचा विषय निघाला की मला एक कालखंड आठवतो, आणि तो आपल्या शहराशी जोडलेला आहे म्हणून लिहितो.

बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली ती १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. नागपुरात धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये २१ वर्षे गेली. आज ही दोन टोके एकाच वाक्यात सांगितली जातात, पण त्या २१ वर्षांत जगणाऱ्या माणसाला दुसरे टोक दिसत नव्हते. आपण निर्णय जाहीर केला, मग उशीर का, असे विचारणारे लोक तेव्हाही असतीलच. त्या वर्षांत काय झाले ते पाहावे. १९४२ मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नंतर औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. संविधान लिहिले गेले. वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास चालू राहिला, आणि १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही जाऊन आले. एका माणसाला धर्म बदलायला एक दिवस पुरतो. लाखो माणसांनी समजून उमजून बदलावा यासाठी शाळा, महाविद्यालये, संघटना आणि विचार हे सगळे आधी उभे राहावे लागते. नागपूरच्या त्या दिवसानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. फळ पाहायला त्यांना मिळालेला वेळ एवढाच होता.

वैनगंगाकाठ यांच्या आक्षेपाशी याचा संबंध आहे असे मला वाटते. या २१ वर्षांत वाट पाहणाऱ्या समाजाच्या हाती दर काही वर्षांनी काहीतरी प्रत्यक्ष येत होते. महाविद्यालयाचे दार उघडले, घटनेने हक्क दिले. अंतिम गोष्ट यायची होती, पण मधली वर्षे रिकामी नव्हती. गोसीखुर्दच्या शेतकऱ्याला मधल्या वर्षांत काय मिळाले, हा प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

वैनगंगाकाठ

ही कसोटी मला पटते. काम पूर्ण होण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी ते चालले आहे त्यांच्या पदरात वाटेत काय पडते, हे विचारायचे. वाचनवर्गाच्या बाबतीत सांगायचे तर, जे मूल मध्येच वस्ती सोडून गेले ते जाताना काय घेऊन गेले?

धानोरा_मार्गे

थोडक्यात एक भर घालतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच्या आधीची वीसेक वर्षे या गावाने अभ्यासगटात बसून चर्चा करण्यात आणि ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्यात घालवली आहेत. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, ही पद्धत घाईच्या माणसाला असह्य वाटते. पण वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा त्याचा उपयोग करून घेण्याची तयारी या गावाकडे होती. कायदा कधी येईल हे गावाच्या हातात नव्हते. तो आल्यावर एकत्र बसून निर्णय घेता येणे मात्र होते. एकट्याच्या धीराबद्दल आपण खूप बोलतो. माझ्या पाहण्यात टिकलेली दीर्घ कामे अशीच आहेत, जिथे ठरावीक दिवशी एकत्र बसून बोलण्याची सवय होती. ताई, तुमचे दमलेले सहकारी तुमच्याबरोबर शेवटचे निवांत कधी बसले होते?

नोंदवही

देणगीदाराच्या पत्राविषयी सुचवतो. वाचत्या झालेल्या मुलांचा आकडा जसा आहे तसा, न फुगवता द्या. त्याबरोबर प्रत्येक मुलाची प्रवेशाच्या दिवशीची पायरी आणि आजची पायरी असा तक्ता द्या, आणि वस्ती सोडून गेलेली मुले तक्त्यातून गाळू नका. त्यांची सोडून जातानाची पायरी लिहा. वैनगंगाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच दिसेल. चाचणी वर्षातून एकदा पुरेशी नाही, दर महिन्याला घेणेही योग्य नाही, कारण इतक्या थोड्या काळातला फरक चाचणी घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर जास्त अवलंबून असतो. वर्षातून तीनदा, मुलांनी पूर्वी न पाहिलेल्या परिच्छेदावर, आणि शक्यतो त्या मुलांना न शिकवणाऱ्या व्यक्तीकडून घ्या.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. पद्धत बदलल्यावर किती मुदतीत कोणती खूण दिसली नाही तर ती पद्धत सोडून द्यायची, हे आजच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. मुदत संपल्यावर निकष ठरवायला बसलो, की आपण आपल्याला सोयीचा निकष ठरवतो. हे माझ्यापेक्षा हुशार लोकांच्या बाबतीतही होताना मी पाहिले आहे.

सायंवर्ग

नोंदी वेगळ्या करून पाहिल्या. शिक्षिकाताईंचा अंदाज खरा ठरला. शब्दाच्या पायरीवर अडकलेली बहुसंख्य मुले घरी मराठी न बोलणारी आहेत. घरी मराठी बोलणारी मुले पुढे गेली आहेत, उशिरा का होईना. इतकी वर्षे आम्ही सगळ्या मुलांची एकच सरासरी पाहत होतो आणि त्या सरासरीत ही दोन वेगळी चित्रे मिसळून गेली होती. म्हणजे वर्गातल्या काही मुलांच्या बाबतीत काम संथ पण बरोबर चालले आहे, आणि काहींच्या बाबतीत ते खरोखर थांबलेले आहे. एकाच खोलीत दोन्ही गोष्टी असू शकतात, हे प्रश्न विचारताना माझ्या ध्यानात नव्हते.

काल सगळे सहकारी बसलो. पहिला अर्धा तास तोंडी गोष्ट, तीही मुलांच्या भाषेत चर्चा करू देऊन, आणि मग त्याच गोष्टीचे वाचन, असा क्रम सोमवारपासून सुरू करतो आहोत. वस्तीतल्याच दोन आया छत्तीसगढीतून गोष्टी सांगायला यायला तयार झाल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत या मुलांच्या वाचनात स्वतःहून केलेली दुरुस्ती दिसू लागली नाही, तर ही पद्धतही सोडायची, असे लिहून सह्या केल्या आहेत. देणगीदाराला आकडा, तक्ता आणि हा कागद, तिन्ही पाठवते. मुलांना न शिकवणारी व्यक्ती चाचणीसाठी हवी आहे. दिवाळीनंतरच्या दोन शनिवारी संध्याकाळी कोणाला येणे जमेल का?

नवी_उमेद_वर्धारोड

मी येते. परिच्छेद कोणते वापरायचे ते आधी मला पाठवू नका, तिथेच द्या.

जिल्हा_परिषद_शिक्षिका

परिच्छेद मी तयार करून देते. चार वेगवेगळे, सारख्याच काठिण्याचे, प्रत्येकात रफार आणि जोडाक्षरे मोजून घातलेली. मुलाने स्वतःहून सुधारलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, चूक म्हणून धरायचा नाही, हे चाचणी घेणाऱ्यांना आधी समजावून सांगावे लागेल. त्यासाठी पहिल्या शनिवारी मीही अर्धा तास लवकर पोहोचते.